अकराव्या भागातली केप

परिचारिकेनं केप खांद्यावर घेतली, आरशात पाहिलं आणि वाकून खालची कड चाचपली.

शिवणबाई थांबून राहिल्या. निळी, बिनबाह्यांची केप गुडघ्यापर्यंत सरळ उतरली होती. खालची दुमड अशी बसली होती की टाका शोधून सापडू नये. अशा वेळी गिऱ्हाईक निदान ‘छान’ तरी म्हणतं.

“काकू, ही… फाटकी हवी होती.”

कोपऱ्यात काजं करत बसलेल्या नणंदेची सुई थांबली. “घ्या! नवं कापड आणायचं, शिवून घ्यायचं आणि वर फाटकं मागायचं. वहिनी, आजवर आपण उलटाच धंदा केला म्हणायचा.”

“तू दिलेल्या चित्रात त्या मुलीच्या केपची कड फाटलेली होती, ते पाहिलं होतं मी,” शिवणबाई म्हणाल्या. “मला वाटलं, जुनी झाली असेल बिचारीची. म्हणून नीट करून दिली. कच्ची कड दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही, हा माझा नेम आहे गं. एकतीस वर्षांचा.”

“चूक माझीच. सांगायला हवं होतं मी.” परिचारिका चाळिशीची होती. रुग्णालयातून थेट आली होती, अंबाड्यावरची जाळीसुद्धा काढली नव्हती. “राहू दे. आता चार वाजता तर मेळावा आहे. ॲनिमे बघणाऱ्यांचा. सगळे आपापल्या आवडत्या पात्राच्या कपड्यांत येतात.”

“ॲनिमे म्हणजे कार्टूनच ना ते?” नणंदेनं दातानं दोरा तोडला. “बशीएवढाले डोळे आणि सारखी हाणामारी. आमची शेजारीण सांगते, तिची मुलगी वेडी आहे त्याची. पण ती सातवीत आहे हो!”

“हाणामारीची मलाही नाही आवडत. मला संथ लागतात. कुणीतरी पाणी उकळायला ठेवतं, आणि ते उकळेपर्यंत आपणही थांबायचं, अशी.” परिचारिका आरशातच बघून बोलत होती. “वॉर्डातून घरी गेलं की एक भाग. कितीही वाटलं तरी दुसरा लावायचा नाही.”

शिवणबाईंनी मान वर केली. नेम पाळणाऱ्याला नेम पाळणारं माणूस कळतं.

“दाखव बघू,” त्या म्हणाल्या. “कशी फाटते ते.”

मोबाइल मशीनच्या फळीवर उभा राहिला. पडदाभर दलदल होती आणि तिच्यात डोक्याएवढं उंच गवत. पत्रांची थैली घेतलेली एक मुलगी चालत होती. बराच वेळ ती नुसती चालतच राहिली. गवत एका बाजूला कललं, सावकाश दुसऱ्या बाजूला कललं. आभाळाचा रंग कधी बदलला ते कळलं नाही. मग गवताच्या मुळांतून धुकं वर आलं आणि मुलीचे पाय दिसेनासे झाले.

“यात पुढे काही होणार आहे का?” नणंदेनं विचारलं.

“होतंय,” शिवणबाई म्हणाल्या.

मुलगी थांबली. तिनं केपची कड हातात घेतली, एक लांब चिंधी फाडली, गवताच्या दांड्याला बांधली आणि ती पुढे धुक्यात गेली. चिंधी तेवढी हलत राहिली.

“धाकटा भाऊ मागून येतोय तिचा,” परिचारिका हळूच म्हणाली. “त्याला वाट कळावी म्हणून. दर थोड्या भागांनी केप आखूड होत जाते. आमच्यातले लोक कडेवरूनच ओळखतात, कितव्या भागातली ते. मला अकराव्यातली हवी होती. डावीकडच्या तीन चिंध्या गेलेली. ही अशी अख्खी म्हणजे…”

“म्हणजे ती अजून घरातून निघालीच नाही.”

“हो.”

शिवणबाईंनी केप मांडीवर ओढली. दुमड उसवली. कात्रीनं कडेला बोटभर चीर दिली, मनातल्या मनात मशीनची क्षमा मागितली आणि दोन्ही हातांनी कापड ओढलं. टर्रर्र आवाज खोलीभर पसरला. मग दुसरी चिंधी. मग तिसरी.

परिचारिकेनं पुन्हा आरशात पाहिलं. या वेळी तिचे खांदे आपोआप मागे गेले. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, जणू आरशातही गवत होतं. मग तिनं केपचा बंद सोडला आणि पिशवी उघडली.

“हे काय?”

“तिथे पोचून घालते, काकू. मागच्या मेळाव्याला घालूनच निघाले होते, तर बसमध्ये आमचे डॉक्टर भेटले. अजून विचारतात, ‘सिस्टर, आज उडत नाही आलात?’”

नणंदेला हसू फुटलं. तिनं ते पदरात दाबलं.

“मी माझा नेम मोडला,” शिवणबाई शांतपणे म्हणाल्या. “आणि तू ती पिशवीत घालून नेणार?”

परिचारिकेनं पिशवीकडे पाहिलं. मग तिनं बंद पुन्हा बांधला, घट्ट, आणि ती जिना उतरली.

शिवणबाई खिडकीशी आल्या. खाली ती भिंतीला चिकटून चालली होती, मान खाली, पिशवी छातीशी धरलेली. फळवाल्यानं वळून पाहिलं. समोरून येणाऱ्या दोघीजणींनी एकमेकींना कोपर मारलं. पावलागणिक ती लहान होत चालल्यासारखी वाटत होती.

शिवणबाईंचा आवाज आजवर रस्त्यावर कधी गेला नव्हता. त्यांनी खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून हाक मारली, “अगं ए! सापडतात का त्या भावाला चिंध्या?”

अख्खा रस्ता वर बघायला लागला. परिचारिका वळली. तिचा चेहरा हसण्यानं भरून गेला होता.

“ते सांगायचं नसतं, काकू! बघायचं असतं!” ती ओरडली, आणि भिंत सोडून रस्त्याच्या मधून चालू लागली.