पांढरे दात

मुंबईत दातांचं शिकून मी धुळ्यात दवाखाना घातला, त्या सालची गोष्ट. साक्रीकडच्या भिकुबाईची दाढ काढली आणि हौसेनं बाकीचे दातही घासून दिले. वर्षानुवर्षं लावलेलं काळं दातवण पार निघालं. मी ऐटीत आरसा धरला. तिनं झटकन तोंडावर पदर घेतला.

"दादा, हाई काय करं तुम्ही? मना मालक लढाईवर शेतस. पांढरा दात ते रंडकी बाईना ऱ्हातस."

मी हसलो. वर बजावलं, जखम भरेपर्यंत पंधरा दिवस दातवण लावायचं नाही.

सोळाव्या दिवशी ती आली. कपाळ पुसलेलं, हात उघडे. पलटणीचा कागद तिनं माझ्यापुढे धरला.

"मालक गयात, इतलंच पोस्टमननी सांगं. तारीख इचाराले माले भ्याव वाटनं. मना दात पांढरा व्हयनात, त्यानं पैले गयात का नंतर?"

मी कागद वाचला. "आधी, ताई. चांगले बारा दिवस आधी."

ती तिथंच जमिनीवर बसली आणि तोंडावरचा पदर सोडून मोकळी रडली.

कागदावरची तारीख मी आरसा धरला होता, त्याच दिवसाची होती.