सातवं नाव

डबा उघडायचा की नाही यावर पाऊण तास वाद झाला. शेवटी हेडमास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उद्या सकाळी दहाला, सगळ्यांसमोर," ते म्हणाले. "स्मारकाच्या दगडावर सहा नावं कोरायची की सात, ते डबाच ठरवेल. नुसत्या सांगण्यावर आपण इथं साधी चिठ्ठीही लावत नाही. वस्तू हवी."

उद्यानातल्या त्या दोन खोल्यांच्या वारसा केंद्राचा तो नियमच होता. एके काळी तिथं कारखाना होता आणि या खोल्यांत हजेरी घेणारा टाइमकीपर बसायचा. आता पाच निवृत्त माणसं हौसेनं तिथं जुनी हत्यारं पुसत बसायची, एकमेकांच्या चुका काढायची. वहिनी त्यांतल्याच एक. त्यांचा नवरा बॉयलरवर होता. पस्तीस वर्षांपूर्वी भर दुपारी, दोनच्या सुमारास बॉयलर फुटला, सात जण गेले, त्यांत तोही. चौकशीनं ठपका त्याच्यावरच ठेवला. म्हणे त्याला डुलकी लागली आणि पाणी सोडायचं राहिलं.

डबा त्याच दिवसाचा. कामावर आलेल्यानं आपल्या नंबरचा पितळी बिल्ला त्याच्या फटीतून आत टाकायचा, अशी पद्धत होती. त्या दिवशी टाइमकीपरनं तो तसाच कुलूपबंद घरी नेला आणि माळ्यावर टाकला. गेल्या महिन्यात त्याच्या मुलीनं तो केंद्राला आणून दिला, किल्लीशिवाय. दोनच्या पाळीच्या माणसाचा बिल्ला आत निघाला, तर बॉयलर त्याच्या ताब्यात होता आणि वहिनींचा नवरा सुटला. नाही निघाला, तर चौकशी खरी.

"उघडा," कोपऱ्यातून मिस्त्री म्हणाला. सगळ्या बैठकीत तो तेवढंच बोलला.

वहिनींना ते फार लागलं. इतरांचं सोडा, पण मिस्त्री? दोनच्या पाळीला बॉयलरवर तोच यायचा. त्या दिवशी उशीर झाला म्हणून वाचला. तशी त्याच्या सहीची जबानी केंद्रातच काचेखाली लावलेली होती. तेव्हापासून वहिनींच्या घरचा गळका नळ असो की लेकीच्या शाळेचा दाखला, न सांगता हजर व्हायचा. गावानं काय काय जिभा चालवल्या, पण त्यानं येणं सोडलं नाही. आणि आज तोच म्हणतो, उघडा.

घरी आल्यावर वहिनींनी ताट तसंच झाकून ठेवलं. त्या दुपारच्या आदल्या रात्री लेक तापानं फणफणली होती, आणि त्यांनी नवऱ्याला मिनिटभरही डोळा लावू दिला नव्हता. डुलकी लागली असणारच. मनातून त्यांनी त्याला कधी निर्दोष धरलंच नव्हतं, आणि स्वतःलाही. लेकीला मात्र लहानपणापासून सांगितलं होतं, तुझ्या बापाची काही चूक नव्हती. ती उद्या मुलांना घेऊन येणार होती.

न ठरलेल्या गोष्टीसोबत पस्तीस वर्षं काढली, आणखी दहा निघतील. पण एकदा ठरलं, तर लेकीला काय तोंड दाखवायचं?

सकाळी सातला त्यांनी केंद्र उघडलं. उद्यानाच्या सफाईत निघालेलं भंगार गोण्यांत भरून ठेवलं होतं, ट्रक यायचाच होता. वहिनींनी डबा एका गोणीत तळाशी घातला, वर गंजके नटबोल्ट ओतले आणि तोंड सुतळीनं आवळलं. गाठ घट्ट बसली.

ट्रक आला तसा मिस्त्रीही आला. त्याच्यादेखत त्यांना ती गोणी हलेना.

"सरका वहिनी, कंबर धरेल उगाच," तो म्हणाला. गोणी खांद्यावर घेतली आणि ट्रकमध्ये फेकली. "काय भरलंय हो एवढं?"

"काय असणार? गंज," वहिनी म्हणाल्या.

"नऊला भट्टी पेटते," ड्रायव्हर म्हणाला आणि निघून गेला.

साडेनऊ झाले. डबा चोरीला गेला म्हणून सांगायचं, हे वहिनींनी मनाशी पक्कं केलं होतं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेता आला. मिस्त्री समोरच्या बाकावर येऊन बसला. शर्टाच्या खांद्यावर गोणीचा गंज तसाच होता.

"वहिनी, सगळे यायच्या आत एक सांगतो. मग जन्मात माझं तोंड बघू नका, चालेल."

वहिनींनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मला उशीर नव्हता झाला. दोनला दहा कमी असतानाच आलो. बिल्ला टाकला आणि त्याला म्हटलं, तू नीघ, पोर तापलीय ना. तो हात धुवायला गेला. आणि मी... भिंतीमागं सिगरेट ओढत होतो. पाणी मी सोडायचं होतं."

बाहेर फाटकाशी नातवंडांचा आवाज आला.

"चौकशीत खोटी सही केली. नंतर वाटायचं, खरं सांगावं. पण नुसतं सांगून कोण मानणार? म्हणाले असते, वहिनींची दया येते म्हाताऱ्याला." मिस्त्री उठला. खिशातून त्यानं लहानशी करवत काढली. "माझा एकतीस नंबर आहे त्यात. आणा डबा, कुलूप मीच कापतो."