मानाची खुर्ची

"आवं वहिनी, तुमी कशाला? तुमी पाहुण्या. बसा हितं."

मानसिंग सुभेदारांनी सोनियाच्या हातातली पिशवी काढून घेतली, खुर्चीखाली सरकवली आणि तिला स्टेजवर बसवलं. पिशवीत पितळेची परात होती. गावच्या सलोखा मेळाव्याला सोनिया यंदा भाकऱ्या थापायला आली होती. पण ऐकतो कोण!

रहिमतपूरजवळच्या या गावात तिला नांदायला येऊन वीस वर्षं झाली होती. ती मूळची शिलाँगकडची, खासी. कृष्णात फौजेत होता, तिकडंच लग्न करून तिला घेऊन आला. चेहरा निराळा, म्हणून गाव आधी बिचकलं. मग मेळावे सुरू झाले आणि गाव तिचं कौतुक करायला लागलं. कौतुक तरी किती करावं माणसांनी! दरवर्षी निरोप ठरलेला, "तो तुमचा पोशाख घालून या." मग ती पेटीतला जैनसेम काढायची, खासी बायका नेसतात तो. शाल, नारळ, फोटो. पहिल्या पंगतीत पहिलं पान तिचं, आणि वाढणारे चौघं चारी बाजूंनी आग्रह करणार. मेळावा संपला की वर्षभर तिच्या दारात कुणी वाटीभर साखर मागायलासुद्धा फिरकायचं नाही.

कृष्णात होता तोवर निभलं. दोन वर्षांपूर्वी तो गेला. सासू हरणाबाई त्याच्या आधीच गेलेली. हरणाबाई तोंडाची फटकळ. "मेले, भाकरी थापतीस का भित लिपतीस?" असं म्हणायची आणि हात धरून शिकवायची. पंगतीची रीतही तिनंच सांगितली होती, पाहुणा आधी जेवतो आणि घरची बाई सगळ्यांत शेवटी. परवा तव्यावर भाकरी करपली, तर सोनिया सवयीनं बोलणी खायला उभी राहिली. घरात बोलणारं कुणी नव्हतं. मग ती तिथंच चुलीपुढं बसून पोटभर रडली.

"आज अख्खा भारत आपल्या गावात हाय!" सुभेदार माइकवर सांगत होते. सोनियाशेजारी हायवेवरच्या ढाब्याचे सरदारजी बसले होते. त्यांनी हात जोडले. टाळ्या पडल्या.

मांडवामागं चुली पेटल्या होत्या. पाटलांची शालूबाई आणि विहारामागं राहणारी आम्रपाली एकाच चुलीवर भाकऱ्या करत होत्या. माणसं अंदाजापेक्षा जास्त आली होती, भाकऱ्या पुरेनात. आम्रपाली शालूबाईवर खेकसत होती, शालूबाई आम्रपालीवर, आणि मधूनच दोघी खिदळत होत्या. ते सगळं सोनियाला स्टेजवर ऐकू येत होतं. नुसतं ऐकू येत होतं.

भाषण ऐन रंगात असताना ती उठली. खुर्चीखालची परात घेतली आणि पायऱ्या उतरून चुलीपाशी जाऊन बसली. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. कुणी या म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही.  सोनियानं पीठ घेतलं, पाणी ओतलं, मळलं. भाकरी थापायला घेतली. कडेला चीर गेली.

शालूबाईनं वाकून बघितलं.

"आगं, किती कमी पानी वतलंस? मोड ती. परत थाप. आन् बिगी बिगी हात चालीव, मानसं खोळंबल्यात."

"व्हय बाई," सोनिया म्हणाली आणि भाकरी मोडली.

दुसरी टम्म फुगली. आम्रपालीनं पिठाचा डबा तिच्याकडं सरकवला.

तेवढ्यात माइकवरून पुकारा आला, "सोनियावहिनी, फोटोला या! पहिलं पान तुमचं वाढलंय!"

"न्हाई यायची ती!" शालूबाई तिकडूनच ओरडली. "आवं सुभेदार, तिचं हात पिठात हायती. सरदारजीला बशिवा पानावर!"

पंगतीवर पंगती उठल्या. शेवटी बायका बसल्या, तेव्हा मांडवात खरकट्या पत्रावळी आणि रिकाम्या खुर्च्या उरल्या होत्या. शालूबाईनं अख्ख्या मसुराच्या पातेल्यात पळी फिरवली. पळी खडखडली.

"संपलं बया. आपल्याला काय न्हाई उरलं."

दोन-तीन करपलेल्या भाकऱ्या होत्या. त्यांचेच तुकडे झाले. आम्रपालीनं प्रत्येकीच्या तुकड्यावर बोटभर खर्डा ठेवला. पहिल्याच घासाला सोनियाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट लागलं व्हय गं?" शालूबाईनं विचारलं.

सोनियानं नाही म्हणून मान हलवली. वीस वर्षांत आज पहिल्यांदाच गावानं तिला अर्धपोटी ठेवलं होतं.