ऋतू नसलेलं तळं

बाळांनो, असं एक तळं डोळ्यांसमोर आणा, ज्याला ऋतूच नाहीत. तळाशी बसवलेलं यंत्र पाणी बारमाही कोमट ठेवतं. मासे भराभर वाढतात, पण अंडी कधी घालायची हेच त्यांना कळत नाही. पिल्लं टँकरने येतात. पूर्वी पावसाळ्यात जाळी वाळत पडायची, भोयांचे हातही विसावायचे. आता विसावा नाही.

हौसाआत्या जाळं ओढून ओढून थकली होती. एवढ्यात तिची भाची रेवा ओरडली, "आत्या, या मरळीचं पोट बघ, टम्म फुगलंय! आजारी आहे का गं?"

आत्याने पोट चाचपलं. "आजारी कसली! पोटात गाभोळी आहे, अंडी! तुझ्या जन्माआधी पाहिली होती शेवटची."

"मग आता?"

"आपल्यात अशी मासळी सोडून देतात. पिल्लं दिसेपर्यंत जाळं पाण्यात घालत नाहीत. पण ते जुन्या तळ्याचं झालं, बाई. संध्याकाळी गाडी येईल, ती भरायला हवी. टाक टोपलीत."

रेवाने मरळ छातीशी धरली आणि काठच्या पाणगवतात नेऊन सोडली. मग ती ओल्या जाळ्यावर मांडी घालून बसली.

"आता जाळं टाकायचंच असेल," ती म्हणाली, "तर मलाही टाक."