मधलं नाव

"डॉक्टर ऋजुता इंदुमती तेंडोलकर!"

व्यासपीठावरून नाव पुकारलं गेलं आणि केशवरावांच्या मनगटावरची पट्टी लाल झाली. लेकीने मधे वडिलांचं नव्हे, आईचं नाव लावलं होतं.

इंदुमतीबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. बाईंना ऋजूच्या शाळेचा बक्षीस समारंभ आठवला. कार्डावर आपलं नाव चुकलं म्हणून केशवरावांनी रडणाऱ्या ऋजूला व्यासपीठावरून ओढत घरी आणलं होतं. "बाबा आजही उठून गेले, तर पुन्हा बोलावणार नाही," ऋजू सकाळीच म्हणाली होती.

अपमान मनात चढू लागला की पट्टी फक्त रंग दाखवते. तो उतरवायचा ज्याचा त्यानेच. आत्मप्रीतीच्या विकारावर दोन वर्षं उपचार घेतलेले केशवराव सावकाश श्वास सोडत राहिले.

मागच्या बाई पुढे वाकल्या. "वडील नाहीत वाटतं हिला?"

"आहेत की! मीच तो," केशवराव म्हणाले. "पण घडवलं हिच्या आईनं. नाव बरोबर लावलंय पोरीनं."

पट्टी अजून लालच होती.

"इंदू, हात सोड गं आता," ते म्हणाले. "टाळ्या वाजवायच्यात मला."