निळ्या फितीची बाटली

टेबलावर बूच लावलेल्या दोन बाटल्या होत्या. लाल फीत तिच्या वाइनची, निळी दादाच्या. खोलीत कुणी नाही असं पाहून दादाने फितींची अदलाबदल केली. ती दाराआड उभी होती. खोकलीसुद्धा नाही.

गेल्या वर्षीही त्याने हेच केलं होतं. अप्पांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पहिल्याच घोटात ओळख पटते हिची. वा रे पठ्ठ्या!" घोट तिच्या वाइनचा होता, शाबासकी मात्र दादाच्या पाठीवर पडली.

यंदा नुसत्या शाबासकीवर भागणार नव्हतं. ज्याची वाइन सरस, त्याच्या हाती अप्पा द्राक्षमळा आणि तळघर सोपवणार होते.

सगळे येऊन बसले.

"थोरल्याची आधी," म्हणत अप्पांनी निळी फीत सोडली. घोट तोंडात गेला आणि त्यांचा चेहरा आक्रसला. कसाबसा गिळला त्यांनी.

आत्याने नुसता वास घेऊन पेला दूर सारला. "अरे, हे व्हिनेगर आहे! पितळेची भांडी तेवढी लख्ख निघतील याने."

दादाने बहिणीकडे पाहिलं. ती मान खाली घालून पेले पुसत होती. आपल्या बाटलीत तिने यंदा मुद्दाम बिघडलेल्या पिंपातली वाइन भरली होती.

"ही तुझीच ना रे?" अप्पांनी विचारलं.

दादाने तोंड उघडलं. तिने पुसणं थांबवलं आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बोल की. सांग सगळ्यांना, कुणाची आहे ती, आणि तुला कसं ठाऊक.

"हो," दादा म्हणाला.

मग लाल फीत सुटली. अप्पांनी दादाच्याच वाइनचा घोट तोंडात घोळवला. "तुरट आहे जराशी. पण साधी, सरळ. कुणालाही चालेल." त्यांनी तळघराची किल्ली खिशातून काढून मुलीपुढे ठेवली.

"दादाची बाटली मोरीत ओतू का, अप्पा?" तिने विचारलं.

"अजिबात नाही. ज्याने केली त्याने संपवायची. जन्मभर लक्षात राहील."

दादाने पेला तोंडाला लावला. संपेपर्यंत त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पेला खाली ठेवला, तर ती बाटली घेऊन शेजारी उभीच. तिने पेला काठोकाठ भरला.

"घे ना, दादा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "लाजू नकोस. घरचीच आहे."