दात्यांची तयारी

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तहरीमने काचेची एक बशी उजेडात धरली, खाली ठेवली आणि दुसरी उचलली. दोन्हींत फरक नव्हता. प्रत्येक बशीत वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या सहा चकत्या होत्या. औषध चालत असेल तर चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि तिथे रिकामं वर्तुळ पडतं. इथे पाच चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत जंतू दाट वाढले होते. कुणा रुग्णाच्या नमुन्यांशी अदलाबदल झाली असेल, असं तिला वाटलं. तिने नंबर ताडून पाहिले. नंबर बरोबर होते. विष्ठेचे नमुने अंकुर आणि प्राजक्ताचेच होते; भाऊ-बहीण, दोघंही धडधाकट.

त्यांचे वडील खुशालराव वरच्या मजल्यावर होते. आधी दाढेसाठी, मग खोकल्यासाठी, त्यांनी दोन महिन्यांत तीनदा अँटिबायोटिक घेतलं होतं. आतड्यातले उपयोगी जीवाणू त्यात मेले आणि त्या गोळ्यांना न जुमानणारा एक जंतू माजला. दिवसाला बारा-बारा जुलाब. औषधाने थांबत आणि पुन्हा लागत. वजन एक्केचाळीस किलोवर आलं होतं. उद्या सकाळी निरोगी माणसाच्या विष्ठेतले जीवाणू दुर्बिणीच्या नळीतून त्यांच्या आतड्यात सोडायचे होते. त्याशिवाय करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. हा उपाय पहिल्यांदा ऐकला तेव्हा खुशालराव पडल्या पडल्या म्हणाले होते, पोट्टा बापाले काईच देत नाई म्हनत होतो, आता देऊन राहिला तं हे. त्यावर सगळ्यात जास्त अंकुरच हसला होता.

तो बाहेर बाकावर बसला होता. शेजारी प्राजक्ता आणि आई पार्वताबाई. शेंदूरजनाघाटाहून अमरावतीला ते सकाळीच पोचले होते. तहरीम फॉर्म घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं का, या प्रश्नापुढे दोघांच्याही फॉर्मवर तिच्याच अक्षरात ‘नाही’ होतं. पंधरा दिवसांपूर्वी तिनेच विचारून लिहिलं होतं. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"तवा नोती घेतली," अंकुर म्हणाला. "मंग घेतली. पाच दिवस. एकबी गोळी चुकवली नाई मॅडम."

"का?"

तो जरा गोंधळला. तुमीच तं सांगतलं, तो म्हणाला, नमुना तपासू, वाईट जंतू निघाले तर चालणार नाही. मग जंतू घेऊन कसं यायचं? मेडिकलवाल्याला सांगून चांगली भारी गोळी घेतली. पाच दिवस गोळ्या, सहाव्या दिवशी इथे येऊन नमुना दिला. प्राजक्ताला तर गोळीने मळमळत होतं, तरी तिने लिंबू चाटत कोर्स पुरा केला. पार्वताबाईंनी लेकीकडे कौतुकाने पाहिलं. घरातून जायचं तं साफ गेलं पायजे, त्या म्हणाल्या. देवाले वायतो तं फूलबी पाहून घेतो ना.

अंकुरने खिशातून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून दाखवलं. खुशालरावांच्या केसपेपरवर तहरीमने हेच नाव तीनदा वाचलं होतं.

नमुना तपासणार, हे तिने सांगितलं होतं. तोपर्यंत काही घेऊ नका, हे सांगायचं राहिलं होतं. ते मुद्दाम सांगावं लागेल, असं तिला वाटलंच नव्हतं.

तिने सावकाश समजावलं. गोळीने साधे जीवाणू मेले. तिला न जुमानणारे थोडे असतील ते मागे राहिले, आणि रिकाम्या जागेत तेच वाढले. आता तुमच्या पोटातून तेच बाबांच्या पोटात जातील. तुमचे दोघांचे नमुने घेता येणार नाहीत.

प्राजक्ताने तोंडाला ओढणी लावली.

"मंग उद्याचं?" पार्वताबाईंनी विचारलं.

"घरातलं दुसरं कोणी आहे का? गोळी न घेतलेलं?"

अंकुरने रिकामं पाकीट परत खिशात टाकलं. मग त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो उठला आणि खिडकीपाशी गेला.

"आमी नापास झालो तं होऊ द्या," तो म्हणाला. "गल्लीतले सात जन आनले. बाबासाठी सगळे तयार हायत. मीच घरोघरी पाकिटं वाटली. सगळ्यायचा कोर्स पुरा करूनच गाडीत बसवलं."

तहरीम खिडकीशी गेली. खाली जीपच्या सावलीत सात माणसं संत्री सोलत बसली होती. अंकुरने वरून हाक मारली. सातही जणांनी वर पाहिलं आणि हात वर केले.